गृहकर्ज थोडे उरले असताना: स्थिर दर की फ्लोटिंग?

गृहकर्जाची चार-पाच वर्षे उरली की स्थिर व्याजदर घ्यावा की फ्लोटिंगवरच राहावे, या प्रश्नाचे वजन बदललेले असते. वीस वर्षांचे कर्ज नव्याने घेताना चुकीचा पर्याय निवडला तर महिन्याचा सगळा हिशेब कोलमडू शकतो. शिल्लक पाच-सहा लाखांवर आली की तोच फरक चार वर्षांत मिळून काही हजारांचा उरतो. तरीही या टप्प्यावर अनेक कर्जदार घाईने दर बदलून घेतात आणि पदरचे पैसे घालवतात. कारण चर्चा होते ती फक्त दराची. शिल्लक किती, महिने किती उरले आणि बदलाचे शुल्क किती, हे तीन आकडे बाजूला राहतात; खरा निर्णय मात्र त्यांच्यावरच ठरतो.

फ्लोटिंग दर एखाद्या मूळ दराला बांधलेला असतो आणि त्यावर बँक आपला स्प्रेड चढवते. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांनी दिलेली नवी फ्लोटिंग गृहकर्जे बाह्य मानकाशी जोडणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर निवडला. अशा कर्जाचा दर तीन महिन्यांतून किमान एकदा नव्याने ठरवावा लागतो, त्यामुळे रेपो हलला की हप्ता किंवा मुदत लवकरच हलते. गृहवित्त कंपन्यांना आणि सहकारी बँकांना हे बंधन नाही. गृहवित्त कंपन्या आपापला प्रमुख कर्जदर ठरवतात आणि तो त्यांच्या गतीने बदलतात.

स्थिर दरात ठरलेल्या काळापुरता दर गोठवलेला असतो. ‘ठरलेल्या काळापुरता’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. शेवटच्या हप्त्यापर्यंत खरोखर एकच दर ठेवणारी योजना भारतात कमी दिसते. बऱ्याच योजना दोन, तीन किंवा पाच वर्षे स्थिर राहतात आणि नंतर फ्लोटिंगवर जातात. काही करारांत ठराविक वर्षांनी दराचा फेरविचार करण्याचे कलम असते, तर काहींत बाजारातील परिस्थिती असाधारण बदलल्यास दर बदलण्याचा अधिकार बँक आपल्याकडे ठेवते. चार वर्षांचे कर्ज उरले असताना तीन वर्षांपुरता स्थिर दर घेतला, तर चौथ्या वर्षाचे उत्तर करारात शोधावे लागते.

उरलेल्या कर्जावर व्याज किती असते

समान मासिक हप्त्यात सुरुवातीला व्याज जास्त आणि मुद्दल कमी असते. शेवटाकडे हे प्रमाण उलटते. साधारण १४ लाख ६० हजारांचे कर्ज आठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता १२,२०० रुपयांच्या आसपास येतो. पहिल्या हप्त्यातले सुमारे ९,७०० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम अडीच हजारांनी कमी होते. सोळा वर्षांनंतर, शिल्लक पाच लाखांवर आलेली असताना, तेवढ्याच हप्त्यात व्याज ३,३३३ रुपये आणि मुद्दल सुमारे ८,८७० रुपये असते. शेवटच्या बारा महिन्यांत मिळून व्याज फक्त ६,१५० रुपयांच्या आसपास भरते आणि अगदी अखेरच्या हप्त्यात ते ८१ रुपयांवर येते. दराचा फरक लागू होतो तो या आटत चाललेल्या व्याजाला. व्याजाचा मोठा भाग पहिल्या दहा-बारा वर्षांत भरून झालेला असतो आणि तो आता कोणताही दर निवडला तरी परत येत नाही.

हे आकडे आपल्या कर्जाचे कुठून मिळवायचे, तर बँकेच्या विवरणातून. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार प्रत्येक तिमाहीअखेर आतापर्यंत वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेल्या हप्त्यांची संख्या आणि वार्षिक व्याजदर दाखवणारे विवरण कर्जदाराला उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. हे परिपत्रक व्यापारी बँकांबरोबर नागरी सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्यांनाही लागू आहे. सहकारी पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या कक्षेत येतात. तिथले नियम त्या संस्थेच्या पोटनियमांत आणि कर्जाच्या करारात पाहावे लागतात.

एक हिशेब

शिल्लक पाच लाख, उरलेले हप्ते ४८, सध्याचा फ्लोटिंग दर आठ टक्के आणि बँक देऊ करत असलेला स्थिर दर साडेनऊ टक्के, असे उदाहरण घेऊ. दर नमुन्यादाखल आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत. स्थिर दर त्या दिवशीच्या फ्लोटिंगपेक्षा बहुधा जास्तच असतो, कारण दर वाढण्याची जोखीम बँक स्वतःवर घेते आणि तिची किंमत आधीच वसूल करते.

आठ टक्क्यांनी हप्ता १२,२०७ रुपये येतो आणि चार वर्षांत एकूण व्याज सुमारे ८५,९०० रुपये भरावे लागते. साडेनऊ टक्क्यांनी हप्ता १२,५६२ होतो आणि व्याज १,०२,९५० च्या पुढे जाते. म्हणजे निश्चिंतीची किंमत महिन्याला ३५५ रुपये, चार वर्षांची सुमारे १७,००० रुपये. त्यात बदलाचे शुल्क मिळवायचे. ते शिलकीच्या अर्धा टक्का धरले आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावला, तर २,९५० रुपये होतात. एकूण वीस हजारांच्या आत-बाहेर.

हे वीस हजार वसूल व्हायचे असतील तर फ्लोटिंग दर किती वाढायला हवा? एक वर्षानंतर दर एकदम दोन टक्क्यांनी वाढून दहा टक्के झाला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला, तर फ्लोटिंगवर राहिलेल्या कर्जदाराला उरलेल्या तीन वर्षांत सुमारे १३,००० रुपये जास्त भरावे लागतात. एवढी वाढ होऊनही स्थिर दर घेणारा चार हजारांनी मागे राहतो, आणि त्यात शुल्क धरलेलेच नाही. उलट एक वर्षानंतर दर अर्ध्या टक्क्याने उतरला, तर फ्लोटिंगवाल्याचे आणखी सुमारे ३,२०० रुपये वाचतात आणि दोघांमधले अंतर वीस हजारांच्या पुढे जाते.

याहून वाईट काय होऊ शकते, याचा अंदाज अलीकडच्या अनुभवावरून घेता येतो. मे २०२० पासून दोन वर्षे रेपो दर ४ टक्क्यांवर होता. मे २०२२ मध्ये तो वाढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत सहा टप्प्यांत ६.५० टक्क्यांवर पोहोचला. नऊ महिन्यांत अडीच टक्के. गृहकर्जदारांच्या आठवणीत तो काळ अजून ताजा आहे. तशीच वाढ वरच्या उदाहरणात पहिल्याच महिन्यापासून सुरू झाली आणि नंतर दर एकदाही उतरला नाही असे धरले, तर चार वर्षांचा जादा बोजा २५,००० रुपयांच्या आसपास जातो. अशा वेळी स्थिर दर घेणारा जिंकतो, पण शुल्क वजा जाता त्याच्या हाती पाचएक हजार रुपये लागतात. अलीकडच्या सर्वांत वेगवान दरवाढीपासून बचाव म्हणून चार वर्षांत पाच हजार, आणि तशी वाढ झाली नाही तर सतरा ते तेवीस हजारांचे नुकसान. लहान शिलकीवर हा व्यवहार कर्जदाराच्या बाजूने क्वचितच झुकतो.

मोठ्या कर्जाची गोष्ट वेगळी का, तेही याच आकड्यांतून दिसते. पन्नास लाखांचे वीस वर्षांचे कर्ज आठ टक्क्यांनी ४१,८२२ रुपयांच्या हप्त्यात बसते. दर साडेदहावर गेला की हप्ता ४९,९१९ होतो, म्हणजे महिन्याला आठ हजारांची वाढ. हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवायची म्हटले तर तेही जमत नाही, कारण महिन्याचे व्याजच ४३,७५० रुपये होते. हप्ता व्याजालाही पुरत नाही आणि कर्ज फिटण्याऐवजी वाढत जाते. पाच लाखांच्या शिलकीवर तीच दरवाढ हप्त्यात सुमारे सहाशे रुपयांची भर घालते. हप्ता न वाढवता मुदत वाढवली तर ४८ ऐवजी ५१ महिन्यांत कर्ज संपते. तीन महिने उशीर, एवढाच परिणाम. नव्या कर्जदाराला वाटणारी भीती जुन्या कर्जदाराने उसनी घेण्याचे कारण नाही.

कोष्टक किंवा कॅल्क्युलेटर हाताशी नसेल तर ढोबळ हिशेब तोंडी होतो. दरांतला फरक गुणिले शिल्लक गुणिले उरलेली वर्षे, आणि आलेल्या उत्तराचे निम्मे. दीड टक्का, पाच लाख, चार वर्षे: ३०,००० चे निम्मे १५,०००. प्रत्यक्ष आकडा याहून दहा-पंधरा टक्क्यांनी जास्त भरतो, पण निर्णयाला एवढा अंदाज पुरेसा असतो. दोन लाख शिल्लक आणि दोन वर्षे बाकी असतील तर दीड टक्क्याचा फरक तीन हजार रुपयांवर येतो. तिथे बदलाचे शुल्कच फायद्याचा बराच भाग गिळून टाकते आणि अर्ज करण्यातही फारसा अर्थ उरत नाही.

दराच्या अंदाजाविषयी

दर वाढतील की उतरतील हे ओळखून निर्णय घेण्याचा मोह मोठा असतो. पण स्थिर दराची आठवण होते ती दर वाढून गेल्यावर. २०२२ च्या दरवाढीनंतर, फेब्रुवारी २०२३ मध्ये ज्यांनी धास्तीने दर गोठवला, त्यांनी चढलेला दर गोठवला. पुढची दोन वर्षे रेपो ६.५० टक्क्यांवर थांबला आणि फेब्रुवारी २०२५ पासून उतरू लागला. त्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत तो ५.२५ टक्क्यांवर आला. फ्लोटिंगवर राहिलेल्यांना ही सव्वा टक्क्याची घट मिळाली. दर तळाशी असताना स्थिर दर घेणे कागदावर शहाणपणाचे ठरते, पण त्या काळात बँकाही स्थिर दर स्वस्त देत नाहीत. शिवाय तळ कोणता होता, हे नंतरच कळते. चार वर्षांच्या लहान शिलकीसाठी या अंदाजावर जीव टांगणीला लावू नये. आलेल्या कपातीचा फायदा मात्र हप्ता कमी करून न घेता मुदत कमी करून घ्यावा. हप्ता पूर्वीएवढाच चालू ठेवला की मुद्दल वेगाने फिटते.

स्थिर दर घेण्याचा हक्क

ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दर बदलताना कर्जदाराला स्थिर दराकडे जाण्याचा पर्याय देणे वित्तसंस्थांवर बंधनकारक केले होते. ऑक्टोबर २०२५ पासून ते वित्तसंस्थेच्या मर्जीवर सोडले आहे. त्यामुळे एखाद्या बँकेने हा पर्याय नाही म्हटले तर तो नियमभंग ठरत नाही. मात्र हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, हे निवडण्याचा आणि मुदतीत केव्हाही काही किंवा सगळी रक्कम आधी भरण्याचा पर्याय त्याच परिपत्रकानुसार कर्जदाराकडे आहे. दरवाढीनंतर न विचारता मुदत वाढवलेली दिसली तर लेखी अर्ज करून हप्ता वाढवून मागता येतो. निवृत्ती जवळ आलेल्या कर्जदाराने हे आवर्जून करावे, म्हणजे हप्ते पेन्शनच्या काळात ओढले जात नाहीत. बदलाचे शुल्क किती, हे मंजुरीपत्रात आणि शुल्कात फेरफार करताना स्पष्टपणे सांगण्याचे बंधनही वित्तसंस्थेवर आहे. शाखेत तोंडी मिळालेल्या आकड्यावर न थांबता तो ईमेलवर किंवा पत्राने मागवावा.

मुदतीआधी फेडण्याची मोकळीक

कर्ज थोडे उरले असताना सर्वांत जास्त कामाला येणारी गोष्ट म्हणजे मुदतीआधी फेडण्याची मोकळीक, आणि स्थिर दरात नेमकी तीच आखडू शकते. बँकांच्या फ्लोटिंग गृहकर्जावर व्यक्तींकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बंदी घातली. जुलै २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांनी ही तरतूद अधिक व्यापक केली असून १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत झालेल्या कर्जांना ते लागू आहेत. पैसे स्वतःचे असोत की दुसऱ्या बँकेकडून आणलेले, दंड नाही.

स्थिर दराच्या कर्जावर मात्र बँक करारानुसार शुल्क घेऊ शकते. काही वर्षे स्थिर आणि नंतर फ्लोटिंग अशा कर्जात, पैसे भरताना कर्ज कोणत्या दरावर आहे यावर नियम ठरतो. गृहवित्त कंपन्यांच्या जुन्या स्थिर दराच्या कर्जांना एक सवलत होती: स्वतःच्या पैशातून फेडल्यास शुल्क नाही, दुसरीकडून कर्ज काढून फेडल्यास घेता येते. निवृत्तीची रक्कम, भविष्यनिर्वाह निधी, मुदत संपलेली एलआयसी पॉलिसी किंवा जमीनविक्रीचे पैसे येत्या दोन-तीन वर्षांत हाती येण्याची शक्यता असेल, तर स्थिर दर घेऊन ही मोकळीक गमावणे महागात पडते. आज निश्चिंतीसाठी जास्त व्याज द्यायचे आणि उद्या कर्ज लवकर फेडले म्हणून पुन्हा दंड भरायचा, असा दुहेरी खर्च होतो.

या मोकळिकीचे मोल वरच्याच उदाहरणातून कळते. आठ टक्क्यांच्या पाच लाखांच्या शिलकीत आज एक लाख भरले आणि हप्ता १२,२०७ रुपयेच ठेवला, तर ४८ ऐवजी ३७ महिन्यांहून थोड्या अधिक काळात कर्ज संपते आणि व्याजाचे सुमारे ३३,००० रुपये वाचतात. स्थिर की फ्लोटिंग या प्रश्नात पणाला लागलेल्या रकमेच्या हे जवळजवळ दुप्पट आहे. अर्थात तो एक लाख ठेवीत राहिला असता तर त्यावरही व्याज मिळाले असते, त्यामुळे सगळे ३३,००० निव्वळ फायदा नव्हे. पण साडेसहा टक्क्यांच्या मुदतठेवीवर २० टक्के कर गेला की हाती ५.२ टक्के उरतात, आणि आठ टक्क्यांचे कर्ज फेडणे म्हणजे करमुक्त आठ टक्के मिळवणे. शेअर बाजारातल्या परताव्याशी तुलना करणारे बरेच असतात. तो परतावा निश्चित नसतो आणि कर्जावरचे व्याज निश्चित असते, एवढे ध्यानात ठेवून ज्याने त्याने ठरवावे.

आधी भरणा करताना दोन पथ्ये पाळावीत. सहा महिन्यांचा घरखर्च आणि आजारपणाची तजवीज हात न लावता बाजूला ठेवावी, कारण गृहकर्जात भरलेला पैसा अडीअडचणीला सहज परत निघत नाही. आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा वैयक्तिक कर्ज असेल तर आधी ते फेडावे. गृहकर्ज हे घरातले बहुधा सर्वांत स्वस्त कर्ज असते. ज्यांचे कर्ज ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे आहे, त्यांना पैसे खात्यात ठेवूनही व्याज वाचवता येते आणि गरजेला काढताही येतात. त्यांच्यासाठी स्थिर दराचा विचार जवळजवळ गैरलागू आहे.

जुन्या कर्जाचा जुना मूळ दर

शिल्लक कमी याचा अर्थ बहुधा कर्ज जुने. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे कर्ज आजही बेस रेटशी किंवा एमसीएलआरशी बांधलेले असू शकते. बेस रेटची पद्धत जुलै २०१० मध्ये आली, एमसीएलआरची एप्रिल २०१६ मध्ये. या पद्धतींत रेपो उतरला तरी कपात उशिरा आणि अपुरी पोहोचते, हीच तक्रार २०१९ च्या बदलामागे होती. अशा कर्जदाराने स्थिर दराचा विचार करण्याआधी आपला मूळ दर कोणता ते मंजुरीपत्रात किंवा विवरणात पाहावे. व्यापारी बँकेचे, मुदतपूर्व फेडीचा दंड नसलेले फ्लोटिंग कर्ज बाह्य मानकावर हलवून मागण्याचा हक्क २०१९ च्या परिपत्रकाने दिला आहे. त्यासाठी वाजवी प्रशासकीय वा कायदेशीर खर्चाखेरीज शुल्क घेता येत नाही, आणि बदलानंतरचा दर त्याच प्रकारच्या, मुदतीच्या आणि रकमेच्या नव्या कर्जाएवढा असावा लागतो. साडेनऊ टक्क्यांचे जुने कर्ज अशा रीतीने आठवर आले, तर वरच्या हिशेबातले तेच सतरा हजार वाचतात. फक्त ते कर्जदाराच्या खिशात राहतात.

ज्यांचे कर्ज आधीच रेपोशी जोडलेले आहे, त्यांनी स्प्रेड पाहावा. नव्या ग्राहकाला बँक कमी स्प्रेड देते आणि जुना ग्राहक जुन्याच स्प्रेडवर राहतो, हे सर्रास दिसते. स्प्रेडचे काही घटक बदलायला पूर्वी तीन वर्षे थांबावे लागे. ऑक्टोबर २०२५ पासून ग्राहक टिकवण्यासाठी बँक ते आधीही कमी करू शकते. म्हणून संकेतस्थळावरील नव्या कर्जाचा दर नमूद करून, आपला परतफेडीचा इतिहास स्वच्छ असल्याचे सांगणारा एक साधा अर्ज शाखेत द्यावा. अनेकदा तेवढ्यावर काम होते.

दुसऱ्या बँकेत कर्ज हलवण्याचा पर्याय मात्र लहान शिलकीवर फारसा परवडत नाही. पाच लाखांवर अर्धा टक्का वाचला तर चार वर्षांत साडेपाच-पावणेसहा हजार रुपये होतात. नव्या बँकेचे प्रक्रिया शुल्क, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, गहाणाच्या कागदांवरील मुद्रांक शुल्क आणि दुय्यम निबंधकाकडील नोंद यांतच ते संपतात. कागदपत्रे एका बँकेतून दुसरीकडे जाईपर्यंतचे हेलपाटे वेगळेच.

कर्जदार जुन्या करपद्धतीत असेल तर राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. पण शेवटच्या वर्षांत व्याजच वीस-तीस हजारांवर आलेले असते, त्यामुळे या सवलतीसाठी कर्ज चालू ठेवण्यात तथ्य नाही. नव्या करपद्धतीत राहत्या घरासाठी ही वजावट नाहीच.

स्थिर दर कधी घ्यावा

एवढे सगळे पाहूनही काही घरांना स्थिर दर योग्य ठरतो. स्थिर आणि फ्लोटिंग दरांतला फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल, बदलाचे शुल्क नाममात्र किंवा माफ असेल, दर कर्ज संपेपर्यंत बांधलेला असेल आणि मुदतपूर्व फेडीवर दंड नसेल, तर तो घ्यायला हरकत नाही. पाच लाखांवर चार वर्षांत त्याची किंमत साडेपाच-सहा हजार पडते. बांधीव पेन्शनवर हप्ता जाणाऱ्या, एकट्याच्या मिळकतीवर चालणाऱ्या किंवा औषधपाण्याचा मोठा खर्च असलेल्या घरात महिन्याला पाचशे-सहाशेची वाढही जाणवते. तिथे थोडे जास्त देऊन हप्ता कायम ठेवणे हा गणिती तोटा असला तरी चुकीचा निर्णय नव्हे. मात्र त्याआधी एक पडताळणी करावी: स्थिर दराचा जादा हप्ता दरमहा वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकला तर काय होते? वरच्या उदाहरणात दरमहा ३५५ रुपये साठत गेले, तर वर्षाअखेर चार हजारांहून अधिक गंगाजळी तयार होते. दर वाढलाच तर वाढलेला हप्ता त्यातून भरता येतो, आणि वाढला नाही तर पैसे घरातच राहतात. एवढी शिस्त पाळता येणाऱ्या कुटुंबाला स्थिर दराची गरज उरत नाही.

पतसंस्थेच्या किंवा पगारदार नोकरांच्या संस्थेच्या कर्जाला हा सगळा काथ्याकूट क्वचित लागू होतो. तिथे दर संचालक मंडळाच्या ठरावाने बदलतो आणि कर्जदाराला निवड नसते. तिथे विचारायचा प्रश्न एकच: मुदतीआधी भरल्यास दंड किंवा व्याजाची किमान आकारणी आहे का?

कर्ज संपल्यावर

दर कोणताही असो, शेवटचा हप्ता भरून काम संपत नाही. बँकेकडून ना-देय दाखला आणि मूळ दस्तऐवज परत घ्यायचे असतात. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत देणे आणि नोंदवलेला बोजा उतरवणे वित्तसंस्थेवर बंधनकारक आहे. तिच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागद गहाळ झाल्यास नक्कल मिळवण्यासाठी आणखी ३० दिवस मिळतात आणि त्या नकलेचा खर्च वित्तसंस्थेने सोसायचा असतो. कर्ज मंजूर होताना दिलेली कागदपत्रांची यादी जपून ठेवलेली असेल तर परत घेताना एकेक कागद तिच्याशी ताडून पाहता येतो: नोंदणीकृत करारनामा, मुद्रांकाची व नोंदणीची पावती, सूची क्रमांक दोन, संस्थेचे भागपत्र.

सदनिका असेल तर गृहनिर्माण संस्थेकडे ना-देय दाखला देऊन तिच्या दप्तरातली बँकेच्या गहाणाची नोंद काढून घ्यावी. जमिनीवरचे घर असेल आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा चढलेला असेल, तर तो दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यावा आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून पाहावा. शहरात हीच खातरजमा मिळकत पत्रिकेवर करावी. गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेली असेल तर ती रद्द झाल्याचा पुरावा आणि तारणांची केंद्रीय नोंद ठेवणाऱ्या सेरसाईच्या नोंदवहीत बोजा संपल्याची नोंद बँकेकडे मागावी. तारण ठेवलेली विमा पॉलिसी परत आपल्या नावे करून घ्यावी, हप्त्यासाठीचा नॅच आदेश बंद करावा, दिलेले कोरे धनादेश परत घ्यावेत. साधारण दोन महिन्यांनी पतमाहिती कंपनीच्या अहवालात ते कर्ज ‘बंद’ असे दिसते का, ते पाहावे. तसे दिसत नसेल तर ना-देय दाखल्याची प्रत जोडून बँकेकडे लेखी तक्रार करावी.